देवदूत आला नाही

तोंडाला काजळी फासायची घाई करू नका. अंधार पडला म्हणून लगेच निघायचं नसतं, पोरं सहा वाजल्याशिवाय रस्त्यावर येत नाहीत. शिमोन, ती शिंगं काढून ठेव, माझ्या दिव्याला लागतील. योहाना, पंख खुंटीला अडकव. आणि ब्लाझेय, दाढी लावून कसली बिस्किटं खातोस? चुरा बघ केवढा अडकलाय. असला मिकुलाश बघून पोरं शहाणी व्हायची नाहीत, फिदीफिदी हसतील.

दर पाच डिसेंबरला, संत मिकुलाशच्या रात्री, तुमच्यासारखं एखादं टोळकं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतं, कारण या गल्लीत कोळशाची शेगडी आता माझ्याकडेच उरलीय. घ्या, काजळी फुकट आहे. पण जायच्या आधी एक गोष्ट ऐकायची, हा माझा नियम. शिमोन, तू सैतान झालायस ना? पोतं तुझ्याकडे आहे. मग तू जवळ बस.

राडिम नावाचा एक मुलगा होता. मी त्याला चांगला ओळखायचो. आमच्या ओलोमोउत्सच्या कॉलेजात शिकायचा, इथेच मेणबत्तीवाल्यांच्या गल्लीत राहायचा. गोरागोमटा, बडबड्या, वरच्या चौकातल्या प्रत्येक पोरीला त्याचं नाव माहीत. तोही तुझ्यासारखाच सैतान व्हायचा. बरोबर एक मिकुलाश, एक देवदूत. घरोघर जायचं, मिकुलाशनं विचारायचं, कोण शहाणं आणि कोण व्रात्य? आईबापांनी हसत हसत चहाड्या सांगायच्या. पोरानं कविता म्हटली की देवदूत त्याच्या हातात संत्रं आणि अक्रोडांची पुडी ठेवणार. नाही म्हटली तर सैतान पोतं उघडणार. बाहेरच्या जिन्यापर्यंत न्यायचं, दोन पायऱ्या उतरायच्या आणि परत आणून सोडायचं. एवढाच खेळ. आणि प्रत्येक घरी मोठ्यांसाठी स्लिवोवित्साचा, आलुबुखाराच्या दारूचा, एक पेला. हसू नका. तुम्ही काय दूध पिणार आहात आज?

त्याच गल्लीत, ज्या घराची देखभाल मी करायचो तिथे, तळमजल्यावर लुडमिलाबाई राहायची. नवरा नव्हता. हातमोजे शिवायची. तिला एकच मुलगा, टोनीक, सहा-सात वर्षांचा. त्या आठवड्यात तिनं त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती. सशाचे दोन कान करायचे, एकातून दुसरा ओवायचा. त्याला जमलं, मग काय, घरात जे दिसेल ते बांधत सुटला. पडद्याची दोरी, मांजराची शेपटी, आईचा अ‍ॅप्रन खुर्चीला. त्याचा एक कान नेहमी मोठा व्हायचा आणि एक बारका. गल्लीत जाताना कुठे असली गाठ दिसली की आम्ही ओळखायचो, टोनीक इथून गेला.

तर त्या संध्याकाळी हे तिघं तिच्या दारात. ती बिचारी हसत म्हणाली, "आमचा टोनीक गाठी मारतो, ऐकतच नाही. पाद्रीबाबांचे बूट बांधून ठेवले यानं."

मिकुलाश म्हणाला, "कविता म्हण बाळ."

टोनीकला कविता येत होती. आठवडाभर आईनं पाठ करून घेतली होती. पण राडिमनं साखळी आपटली, जीभ बाहेर काढली... आणि पोराचा आवाजच गेला.

राडिमनं त्याला पोत्यात घातला. आई हसत होती. मग म्हणाली, "पुरे आता, सोडा त्याला." राडिम म्हणाला, "बाई, चौकापर्यंत फिरवून आणतो, मग बघा कसा सरळ होतो." आणि नेला. चौकात नाही नेला. दारूनं पाय लटपटत होते, पोर जड. जिन्याखालच्या कोळशाच्या तळघरात पोतं ठेवलं, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, लोखंडी दार लावलं, नि म्हणाला, बस जरा नरकात, आलोच. पुढचं घर. पुढचा पेला. सैतानाला वाटलं, देवदूत सोडवून आणेल. देवदूताला वाटलं, सैतानानं सोडलं असेल.

आणि लुडमिलाबाई चौकात. तुम्हाला माहीत आहे चौक आज कसा असतो. शंभर सैतान, सगळे काळे, सगळे शिंगांचे. ती एकेकाला धरून त्याच्या तोंडावरची काजळी हातानं पुसत होती. म्हणत होती, माझा मुलगा द्या. मला न्या हवं तर, त्याला द्या. लोकांना वाटलं बाईला चढलीय. ती शहरभर फिरली. आणि पोर तिच्याच स्वयंपाकघराच्या खाली होतं.

पहाटे सापडला. थंडी, कोळशाची धूळ, तोंडावर पोतं. तुम्हीच समजा.

...

योहाना, खिडकी लाव. वारा येतोय.

प्रकरण अपघात म्हणून मिटलं. राडिमचा बाप वकील होता. दफनाच्या वेळी राडिम फाटकापाशी उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. लुडमिलाबाई सरळ त्याच्याकडे गेली. आम्हाला वाटलं आता मारते. तिनं हात नाही उचलला. फक्त म्हणाली, "तुला मुलं होऊ देत."

एवढंच. एरवी हा आशीर्वाद असतो. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

राडिम ब्रनोला पळाला. पुन्हा या शहरात पाय ठेवला नाही. तिकडे नोकरी, लग्न, सगळं झालं. आणि मुलं झाली. लुडमिलाबाई अठरा-वीस वर्षं त्याच घरात राहिली, त्याच तळघरावर, आणि मग तीही गेली. मालकानं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढलं. तळघराला भलंमोठं कुलूप घातलं. किल्ल्या माझ्याकडे.

आता नीट ऐका. कोविडच्या आधीचा हिवाळा. पाच डिसेंबर, गुरुवार. मला मालकाचा फोन, ओल्डा, ब्रनोहून एक कुटुंब येतंय, नवराबायको, दोन मुलं, किल्ली देऊन ये. म्हटलं देतो. गेलो. गाडीतून बाई उतरली, इवोना तिचं नाव, हसरी. मुलगा क्विदो, सात वर्षांचा, आणि धाकटी बेर्ता. पोरं आल्याआल्या विचारायला लागली, चौकातलं मोठं घड्याळ कुठाय, त्यातला तो बाहुल्यांचा नाच किती वाजता. मग बाप उतरला.

त्यानं मला ओळखलं. मी त्याला ओळखलं. मी किल्ली इवोनाच्या हातात दिली.

इवोना म्हणाली, "याच्या तोंडून एकदाही या शहराचं नाव निघालं नाही हो. इथे शिकलाय, पण मुलांना आणायचं म्हटलं की टाळतो. म्हणून मी याला न सांगता खोली घेतली. वाढदिवस आहे याचा पुढच्या आठवड्यात."

बायकोला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं. सांगितलं असतं तर ती त्या घरात आली असती का? गप्प बसणाऱ्या माणसाचं हेच होतं, दुसऱ्याला कळत नाही आणि तो दुसराच त्याला खड्ड्याकडे घेऊन जातो.

ती मुलांना घेऊन आत गेली. राडिम दारात थांबला. हळूच म्हणाला, "ओल्डाकाका, तळघराला कुलूप आहे ना?"

"आहे. किल्ली माझ्या खिशात."

"ती कुठे असते आता? लुडमिलाबाई?"

"मेली."

त्याला बरं वाटलं. देवाशपथ सांगतो, त्याच्या तोंडावर मला ते दिसलं. आणि मला त्याचा इतका राग आला की मी तसाच निघून आलो.

पुढचं मला इवोनानं सांगितलं. तिनं ते पोलिसांना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, कुणी ऐकलं नाही, म्हणून मला सांगितलं.

संध्याकाळी ती सगळी चौकात फिरली. मुलांनी घड्याळ पाहिलं, चौकातला तो उंच खांब पाहिला, आमच्या उग्र वासाच्या चीजला नाकं मुरडली. एका मिकुलाशसमोर क्विदोनं कविता म्हटली, एका दमात, संत्रं मिळवलं. राडिम सारखा म्हणत होता, चला, थंडी आहे, चला. शेवटी सातच्या सुमाराला घरी आले. इवोनानं सूप गरम केलं.

तेवढ्यात दार वाजलं.

पोरं उड्या मारायला लागली. मिकुलाश आला, मिकुलाश आला. इवोनाला वाटलं, नवऱ्यानं गुपचूप बोलावलं. राडिमला वाटलं, बायकोनं बोलावलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. दोघंही हसले. इवोनानं दार उघडलं.

दोघंच होते. मिकुलाश उंच, पांढरा झगा, उंच टोप, चेहरा दाढीत बुडालेला. आणि सैतान... सैतान बारका होता. क्विदोएवढाच. काजळीनं इतका काळा की डोळेही दिसत नव्हते.

बेर्ता म्हणाली, "आणि देवदूत कुठाय?"

मिकुलाश म्हणाला, "देवदूत आला नाही." आवाज बाईचा होता. "तो कधीच येत नाही."

इवोनाला गंमत वाटली. हल्ली बाया होतातच मिकुलाश. पण राडिम भिंतीला टेकला होता.

"कोण व्रात्य आहे या घरात?"

आणि इवोना, सगळ्या आया म्हणतात तसं, लाडानं क्विदोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हा आमचा. रात्री झोपायला नको, उठायला नको."

राडिम ओरडला, "नको. बोलू नकोस."

उशीर झाला होता. व्रात्य म्हणून नाव घेतलं गेलं होतं.

"कविता म्हण बाळ," मिकुलाश म्हणाला.

क्विदोनं तोंड उघडलं. आवाज नाही. मघाशी चौकात एका दमात म्हटलेली कविता. ओठ हलत होते... आवाज नाही.

राडिम म्हणाला, "त्याला येते. येते त्याला. आत्ताच म्हटली त्यानं."

"माझ्या मुलालाही येत होती," मिकुलाश म्हणाला.

बारक्या सैतानानं पोतं उघडलं. राडिमनं ते पोतं ओळखलं. बटाट्याचं, कडेला हिरव्या दोऱ्याची शिवण. त्याच्या आजीनं घातलेली. ते तेव्हा पोलिसांनी नेलं होतं, परत कुणाला दिलं नव्हतं.

सैतानानं क्विदोचा हात धरला. इवोना म्हणते, तिला हलताच येत नव्हतं. पायच नाहीत असं वाटत होतं. पोर एक पाऊल पुढे गेलं. मग दुसरं.

राडिम गुडघ्यावर आला. बायकोसमोर, मुलांसमोर. म्हणाला, "मी घातला होता त्याला पोत्यात. मी विसरलो. मी पळालो. माझ्या मुलाचा काही दोष नाही. त्याला सोडा. मला न्या."

मिकुलाशनं खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं.

...

मग म्हणाला, "हेच मी म्हणत होते. प्रत्येक सैतानाला."

...

सूप उतू गेलं. बारक्यानं क्विदोचा हात सोडला. पोतं राडिमसमोर धरलं. लहान मुलाच्या मापाचं पोतं. राडिमनं एक पाय आत घातला. मग दुसरा.

दिवा गेला.

आला तेव्हा दार उघडं होतं. कुणी नव्हतं. क्विदो जमिनीवर बसून कविता म्हणत होता. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मला बोलावलं तेव्हा मी जेवत होतो. धावत गेलो. पोलीस आधीच आले होते. गल्ली पाहिली, चौक पाहिला, जिना पाहिला. मी म्हटलं, तळघर बघा. पोलीस म्हणाला, "आजोबा, कुलूप बघा की, गंजलंय." मी म्हटलं, तरी बघा. किल्ली फिरेना, तेल सोडावं लागलं. दारावरचं कोळ्याचं जाळं मी माझ्या हातानं बाजूला केलं.

आत कोपऱ्यात पोतं होतं. गच्च भरलेलं. गाठ कुठे दिसेना. शेवटी पोलिसानं चाकूनं कापलं.

राडिम होता. गुडघे हनुवटीला, हात दोन्ही गुडघ्यांखाली दाबलेले. श्वास नव्हता. डॉक्टर म्हणाला, हृदय. पोलीस म्हणाले, जुनं दुःख डोक्यात गेलं, स्वतःच आत शिरला. कुलूप? कुलपाचं त्यांनी काही लिहिलं नाही.

इवोना मुलांना घेऊन गेली. क्विदो आता बोलतो, खेळतो, शाळेत जातो. मला राडिमबद्दल वाईट वाटतं का? शेवटच्या त्या एका क्षणासाठी वाटतं. बाकीच्यासाठी नाही.

शिमोन, तू विचारतोयस ना, गाठ का दिसत नव्हती?

कारण ती आतून होती. पोत्याचं तोंड आत ओढून घेतलेलं, आणि सुतळी आतल्या बाजूनं बांधलेली. मी टॉर्च धरला होता, मी पाहिली. राडिमचे हात तर गुडघ्यांखाली अडकलेले.

बुटाच्या नाडीची गाठ होती. सशाचे दोन कान. एक मोठा... एक बारका.