लिंपण्याआधी टकटक

आमच्या गल्लीत कुणी दार पूर्ण लावून घेत नाही. चोरांची भीती नाही म्हणून नव्हे. दार घट्ट लावलं आणि रात्रीतून जमीन केसभर खचली, की चौकट दाराला आवळून धरते आणि सकाळी माणूस आपल्याच खोलीत कोंडलेला. म्हणून दर वसंतात दारांना रंधा मारायचा आणि वर्षभर ती बोटभर उघडी ठेवायची. आमच्या माहेरच्या स्वयंपाकघराचं दार रंधा खाऊन खाऊन एका बाजूनं पार झिजलं होतं. पाहुणे कुरकुरत, काय हो, गार वारा येतोय! येऊ दे. कोंडून मरण्यापेक्षा सर्दी बरी.

मी आमच्या या ल्युनेबुर्ग गावच्या शाळेत जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. पोरांना पहिल्याच तासाला सांगायची, डोंगर, पूल आणि झरा, या तिघांनी हे गाव वसवलं. डोंगर जिप्समचा, पूल इल्मेनाऊ नदीवरचा, आणि झरा खाऱ्या पाण्याचा. शतकानुशतकं आमच्या लोकांनी गावाखालचं खारं पाणी उपसलं, आटवलं, मीठ विकलं, आणि त्या पैशावर विटांची उंच घरं न् चर्चं बांधली. मिठागर बंद पडून आता चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. पण खालून काढलं ते काढलंच. गावाचा पश्चिमेचा भाग बसत राहिला. सेंट लाम्बेर्टीचं अख्खं चर्च त्यापायी पाडावं लागलं, आणि मिखाएलिस चर्चचे खांब आजही कललेले आहेत. यात गूढ काही नाही. मीठ विरघळतं, पोकळी होते, वरचं खाली येतं. फळ्यावर हे चित्र मी झोपेतसुद्धा काढलं असतं.

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको, इम्केबाईंचं डोकं फिरलं.

योस्ट माझा धाकटा भाऊ. सुतार, एकटा जीव, वडिलांच्या घरात राहणारा. मी लग्न झाल्यापासून नदीपलीकडे घट्ट जमिनीवर आहे. नवरा गेला, तरी तिथंच राहिले. गेल्या शरदात तज्ज्ञ आले, ओळंबे लावले, माना हलवल्या, आणि वडिलांचं घर धोकादायक ठरलं. फेब्रुवारीत पाडायचं. मला घराचं दुःख नव्हतं. योस्टला त्यातून जिवंत बाहेर काढायचं, एवढंच माझं काम होतं, आणि तो ऐकेल तर शपथ.

"मास्तरीणबाई, तुम्ही तुमच्या घट्ट जमिनीवर कॉफी प्या," तो म्हणायचा. मला त्यानं लहानपणापासून कधी नावानं हाक मारली नाही. आधी चिडवून, मग सवयीनं, मास्तरीणबाईच.

"छप्पर डोक्यावर पडेल तेव्हा पिते."

"पडू दे की. डोकं माझं आहे."

"डोकं असतं तर बोलावं लागलं असतं का मला?"

यावर तो हसायचा. केक कापून द्यायचा, मोठा तुकडा मला. भांडण पुढच्या रविवारावर जायचं.

खरी भानगड मागच्या कामखोलीतल्या भिंतीची होती. तिला जमिनीपासून छातीपर्यंत एक तिरकी भेग. आमच्याकडे भेग दिसली की तिच्यावर आडवी जिप्समची पट्टी थापतात आणि ओल्यातच तारीख कोरतात. पट्टी तडकली तर घर हललं, शाबूत राहिली तर निश्चिंत झोपा. त्या भिंतीवर वडिलांच्या हातच्या पट्ट्या होत्या, एकीखाली एक, सगळ्या तडकलेल्या.

वडिलांचा आणखी एक रिवाज होता, तो गल्लीतल्या सगळ्याच जुन्या लोकांचा. भेगेला थापी लावण्याआधी भिंतीवर तीनदा टकटक करायची आणि जरा थांबायचं. पलीकडून काही आलं नाही, की मगच लिंपायचं. समोरच्या लूडेमानबाई अजून सांगतात, "रिकामी झालेली जागा रिकामी राहत नसते गं. इतकी वर्षं खालच्यांचं मीठ खाल्लं, निदान दार तरी वाजवावं." मी म्हणायची, लूडेमानबाई, ती भिंत आहे, दार नाही. आणि पोकळीत खारं पाणी असतं, भाडेकरू नसतात.

नाताळनंतर योस्टनं मला कामखोलीत नेलं. बोटानं भिंत दाखवली. वडिलांच्या तडकलेल्या पट्ट्या सांधल्या गेल्या होत्या. तारखा त्याच, अक्षर तेच, पण तडा गायब.

"तू सांधल्यास," मी म्हटलं.

"मी कशाला सांधू? उलट मोडलेल्याच बऱ्या होत्या. घर हलतंय हे तरी कळायचं."

"मग कोण सांधणार?"

त्यानं खांदे उडवले. "बघ ना, जिप्सम वरून लावलेलं नाही. आतून भरून आलंय."

मी वाकून पाहिलं. तड्याच्या जागी ताजं पांढरं जिप्सम बाहेरच्या बाजूला फुगलं होतं. पट्टी सांधली गेली होती, पण खालची भेग मात्र रुंदावली होती, माझा हात जाईल एवढी. आतून गार, दमट हवा येत होती. तिला मिठागराचा वास होता. तो वास मी मिठागर बंद पडल्यापासून घेतला नव्हता.

आता भूगोल ऐका. त्या भिंतीपलीकडे काही नाही. शेजारचं घर मी तरुण असतानाच पाडलं गेलं. तिथं मोकळी जागा आहे, एल्डरची झुडपं आहेत. मी कोट घातला आणि वळसा घालून बाहेर गेले. बाहेरून भिंत अखंड होती. एक वीट हललेली नाही. झुडपांत चिमण्या, वर स्वच्छ ऊन. मी ओरडले, "योस्ट, विजेरी लाव भेगेत!"

"लावलीये!" त्याचा आवाज खिडकीकडून आला.

बाहेर उजेडाचा ठिपकाही नव्हता.

परत आले तेव्हा तो भेगेपाशी गुडघ्यावर बसला होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. भिंतीची जाडी दोन विटांची. बाहेर झुडपांवर हात यायला हवा होता. मी त्याला कॉलर धरून मागे खेचलं आणि मुस्काटात दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय गं?" तो गालावर हात ठेवून म्हणाला. "आत जागा आहे. पुष्कळ आहे."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी रोज पूल ओलांडून त्याच्याकडे जाऊ लागले. कधी रागावले, कधी रडले, कधी नुसती बसून राहिले. तो कामखोलीतच असायचा. वडिलांसारखी भिंतीवर तीनदा टकटक करायचा आणि कान लावायचा. एकदा मीही कान लावला. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले. तेच असणार. मी मनाची तशीच समजूत घातली.

पाडकामाआधीच्या शुक्रवारी सकाळी पाडकामाचे मुकादम बेन्के आले. तोंडात पाईप, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, माणूस सरळ. भिंत पाहून म्हणाले, "बाई, सोमवारी पहाटेच छप्पर उतरवणार, मग भिंती. ही भेग अशीच राहिली तर भिंत माझ्या पोरांवर येईल. दुपारपर्यंत भरून घ्या, नाहीतर काम थांबवावं लागेल."

काम थांबलं असतं तर योस्ट तिथंच राहिला असता. मी म्हटलं, भरते. वडिलांच्या हाताखाली शिकलेय मी.

योस्ट तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला रंधा मारत होता. तीन दिवसांनी पाडायच्या घराच्या दाराला! रंधा निसटला आणि पात्यानं त्याचा उजवा अंगठा कापला, चांगला खोल, तिरका. मी रुमाल फाडून पट्टी बांधली. निळ्या चौकटींचा रुमाल होता, जाड विणीचा.

"आज चल माझ्याकडे," मी म्हटलं. "हात जोडते."

त्यानं हातातला रंधा बाजूला ठेवला. "वडिलांचा मोठा रंधा कामखोलीत राहिलाय. तो घेतो, मग चल."

मला रडूच आलं. मी घाईनं अंगणातल्या नळावर घमेलं भरलं, जिप्सम कालवलं. जिप्सम कालवलं की थांबता येत नाही, हातातच दगड होतो. घमेलं घेऊन कामखोलीत आले तर योस्ट नव्हता. मोठा रंधा बाकावरच होता.

"योस्ट?"

वर कुठंतरी फळी वाजली. वर गेला असेल, कपडे घ्यायला. घमेल्यात जिप्सम घट्ट होऊ लागलं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि लिंपायला लागले.

टकटक केली नाही. वेळ कुठं होता? आणि कुणासाठी करायची?

भेग आता वीतभर रुंद झाली होती; खालून वर भरत आले. भेगेनं किती जिप्सम खाल्लं! तीनदा कालवावं लागलं. शेवटची थापी मारून मी तळवा सपाट फिरवला. जिप्सम जमताना गरम होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तळव्याखाली ते अंगासारखं कोमट लागलं.

आणि आतून टकटक झाली. तीनदा.

मी तळवा उचलला नाही. जिप्सम जमताना फुगतं, विटा ताणल्या जातात, आवाज होतात. मी शिक्षिका आहे. मला कारण लगेच सुचलं.

पुन्हा झाली. मग बराच वेळ होत राहिली, हळूहळू मंद होत.

"इम्के!" बाहेरून हाक आली. "चल ना, किती वेळ?"

योस्ट रस्त्यावर उभा होता. अंगात कोट, हातमोजे, हातात पिशवी. हसत होता. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. त्यानं मागे वळून घराचं पुढचं दार ओढलं आणि घट्ट लावून घेतलं.

माझे पांढरे हात पाहून समोरच्या खिडकीतून लूडेमानबाईंनी डोकं बाहेर काढलं. "भेग टकटक करून लिंपलीस ना गं?"

"हो हो," मी म्हटलं.

शनिवार-रविवार किती छान गेले म्हणून सांगू! त्यानं एकदाही वाद घातला नाही. म्हणेल ते ऐकलं. मी कोबीचं कालवण केलं, गडबडीत मीठ दोनदा पडलं, मला घास गिळवेना. त्यानं निमूटपणे ताट पुसून खाल्लं. हातमोजे मात्र काढीना. म्हणे, गारठलोय. मी म्हटलं, असू दे, घर सुटलंय बिचाऱ्याचं.

सोमवारी सकाळी त्यानं कॉफीचा पेला घ्यायला हात पुढे केला. हातमोजे नव्हते.

उजवा अंगठा गुळगुळीत होता. पट्टी नाही. वण नाही. काही नाही.

"पट्टी कुठाय?" मी विचारलं.

"कसली पट्टी, इम्के?"

मी चपलांवरच धावले. पूल, बाजार, चढ. माझ्या वयाला हे धावणं नव्हे. गल्लीच्या तोंडाशी धूळ दिसली. मी ओरडत होते, थांबवा, थांबवा, पण यंत्राच्या आवाजात माझं कोण ऐकणार?

भिंत पडली होती.

बेन्केंनी यंत्र बंद करवलं. माझा चेहरा पाहून विटा हातानं उपसायला लावल्या. सगळ्या उपसल्या. विटा, झुडपं, आणि त्याखाली फेब्रुवारीची ओली माती. दुसरं काही नव्हतं.

"कुणी आत होतं का बाई?" बेन्केंनी पाईप काढून विचारलं. "आम्ही खोली न् खोली बघितली होती."

"माझा भाऊ."

"अहो, भाऊ तर तुमच्या मागे उभा आहे."

योस्ट आला होता. माझा कोट घेऊन. त्यानं तो माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "गारठशील."

निघताना बेन्केंनी मला एक जड तुकडा दिला. मी शेवटी लिंपलेला वरचा भाग, अखंड निघालेला. "आठवण म्हणून ठेवा. काम पक्कं केलंत हो, एवढी भिंत पडली तरी हे फुटलं नाही."

बाहेरची बाजू माझ्या तळव्यानं सपाट केलेली. मी ते उलटलं. आतल्या बाजूला एक हात उमटला होता, बोटं पसरलेला, जोर लावून टेकवलेला. अंगठ्यावर जाड विणीच्या कापडाचा ठसा होता. रुमालाची गाठ मी मारली होती, ती मला ओळखता येत होती.

तो तुकडा आता माझ्या कपाटात आहे, लोकरी शालीत गुंडाळलेला. मी दुपारी काढते, त्यावर तीनदा टकटक करते, आणि थांबते. उत्तर आलेलं नाही. योस्ट पलीकडच्या खोलीतून म्हणतो, "इम्के, दार लाव ना, वारा येतोय." मी लावते.

आता मे महिना आला. जिप्सम जमायला फार तर अर्धा तास लागतो आणि तेवढ्यापुरतंच ते गरम असतं. मी कित्येकदा शिकवलंय हे. तुकडा अजून कोमट आहे.