घेणारा कोण, देणारा कोण

आमच्या बाबांना गोंदियात घर घ्यायचं आहे. त्या संध्याकाळी त्यांनी दोन दलालांची कार्डं लीलाधर मोठेबाबांसमोर ठेवली आणि विचारलं, "दादा, यातला कोणता धरू?"

मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. धान कापून झालं होतं, आमगावात थंडी सुरू झाली होती आणि अंगणात शेकोटी पेटवली होती. मी आणि माझा भाऊ टिंकू शेकोटीला चिकटून बसलो होतो. मोठेबाबांनी दोन्ही कार्डं जाळाच्या उजेडात धरून वाचली आणि एका कार्डावर बोट ठेवलं.

"या विक्कीचा नंबर तुले कोनं देला?"

"ऑफिसातल्यानं. गाडी आहे त्याच्याकडं, फटाफट घरं दाखवते म्हणे."

"दाखवते ना. आपल्या इंद्रकुमारले बी त्यानंच दाखवलं होतं."

"पण इंद्रकुमारनं तर घर घेतलंच नाही," बाबा म्हणाले.

"काऊन नाही घेतलं, विचारलं कधी?"

मोठेबाबांनी जाळात एक लाकूड सरकवलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहिते आहे. त्यांना ते स्वतः इंद्रकुमारकाकांनी सांगितलं होतं, आणि सांगताना काका एकसारखे मागं वळून पाहत होते.

इंद्रकुमारकाका मागच्या गल्लीत भाड्यानं राहतात. सालेकशाच्या एका शाळेत ते क्लार्क आहेत. शामकलाकाकू गोंदियात एका दवाखान्यात नर्स आहेत. त्या पहाटेच्या गाडीनं जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात. त्यांची मुलगी चंचल तेव्हा चार वर्षांची होती. दिवसभर ती शेजारच्या बाईंकडे असायची. एका रात्री काकू तिला घ्यायला गेल्या, तर चंचल त्या बाईंच्या पदराला धरून म्हणाली, "आई, ही कोण आली?"

घरी येऊन काकू जेवल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गोंदियात घर घ्या. लहान असलं तरी चालंल. पन माह्या पोरीनं मले ओळखलं पायजे."

म्हणून काका दलाल शोधायला निघाले.

पहिला दलाल दुधराम, बाबांच्या दुसऱ्या कार्डावरचा. साठीच्या पुढचा, जुन्या लुनावर फिरणारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललेलं. माणूस दारात उभा असला तरी त्याला नुसता आकार दिसायचा. त्यामुळे त्यानं एक पद्धत पाडून घेतली होती. घराचं कुलूप काढण्याआधी तो दारात उभा राहायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "घेनारा कोन? नाव बोला. देनारा कोन? नाव बोला. आनखी कोन आहे? बोला."

सगळ्यांनी आपापलं नाव सांगितल्याशिवाय कुलूप निघायचं नाही.

त्या दिवशी दारात चंचलनं आपलं नाव हळू सांगितलं, तर दुधरामनं तिला तीनदा विचारलं. रस्त्यावरची पोरं जमा झाली. काकांना लाज वाटली.

"हा घर दाखवून राहिला, का हजेरी घेऊन राहिला?" ते काकूंच्या कानात म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. "प्रेझेंट सर, म्हनून टाका."

दिवसभरात दुधरामनं एकच घर दाखवलं, आणि त्याचा जिना इतका अरुंद होता की पलंग वर गेला नसता. दुसऱ्या दिवशी काकांनी विक्कीला फोन केला.

विक्की तरुण होता. पांढरी गाडी, कानात ब्लूटूथ. कोण आहात, किती जण आहात, काही विचारलं नाही. "भाऊ, टेन्शन मत लो. तुमी फक्त या. बाकी अपुन पे छोडो," म्हणाला. काकांना वाटलं, असा माणूस पाहिजे.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीच्या आधीचा शनिवार. विक्कीला दिवसा वेळ नव्हता, म्हणून रात्रीचे आठ ठरले. रेल्वे लाइनच्या पलीकडची नवी वस्ती. तीन खोल्यांचं घर, वर गच्ची, दाराला निळा रंग. मालक रायपूरला मुलाकडे राहायला गेला होता. चावी विक्कीकडे.

विक्कीनं कुलूप काढलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "तुमी जा अंदर, मैं आया," म्हणून तो फाटकाकडे गेला.

काकांनी दार लोटलं. आत दिवा लागलेला होता.

आतल्या खोलीतून एक म्हातारी बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण.

"या," ती म्हणाली.

काकांना वाटलं, मालकाची आई असेल. मागच्या दारानं आली असेल. काकू वाकून पाया पडायला गेल्या, तर म्हातारी एक पाऊल मागं सरकली. "असू दे, असू दे."

तिनं घर दाखवलं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं ते सांगितलं. देव कुठं मांडायचे ते सांगितलं. मग मधल्या खोलीतल्या एका भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही भिंत ओली राहते. इकडं पोरीचा पलंग नोको लावजो."

काका खूश झाले. "पाह्य," ते काकूंना हळूच म्हणाले, "किती सरळ मानूस आहे. आपल्या घराचं वाईट कोनी सांगते का?"

विक्की फोन संपवून आत आला. तोवर म्हातारी खाली फरशीवर बसली होती आणि चंचल तिच्या मांडीत होती. विक्कीनं तिथूनच हात जोडले. "माताजी, प्रणाम. बैठो, बैठो, उठू नका." मग काकांकडे वळला. "चला भाऊ, छत दाखवतो. ऊपर से पूरा गोंदिया दिखता."

"चल चंचल," काकू म्हणाल्या.

"मी आजीजवळ बसते."

काकू थोड्या थांबल्या. काका म्हणाले, "राहू दे ना. घरचीच मानसं आहेत."

मोठेबाबा इथं थांबले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. "ध्यान दे. घरचीच मानसं, म्हने."

गच्चीवरून स्टेशनचे दिवे दिसत होते. काकूंनी बोट करून दाखवलं, "माहा दवाखाना त्या बाजूनं. पायी आली तरी संध्याकाळी दिवा लावाच्या टाइमले मी घरी राहीन." ते ऐकून काकांनी मनात पक्कं केलं. हेच घर घ्यायचं.

"काय म्हणता भाऊ?" विक्की म्हणाला. "माताजीले पसंत आहे म्हणजे झालं. मेरा अनुभव है, घर हमेशा बुढे लोग ही फायनल करते."

"त्यायले तर पसंत राहीलच," काका हसून म्हणाले. "त्यायचंच घर आहे."

"किनका?"

"आजीचं. मालकाची आई न त्या?"

विक्कीपण हसला. "मालकाची आई? क्या भाऊ. ती तर तुमच्यासोबत आली ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं.

विक्कीचं हसू हळूहळू गेलं. "तुमची आई आहे ना ती?"

"माही आई..." काका म्हणाले, "आमी तिघंच आलो, विक्कीभाऊ."

खालून कसलाच आवाज येत नव्हता.

काकू जिन्याकडे धावल्या. चप्पल निसटली. दुसरीही निसटली. त्यांनी पाहिलं नाही.

खोलीत दिवा जळत होता.

चंचल फरशीवर बसली होती. दाराकडे पाठ करून. एकटी.

"चंचल..."

ती वळली नाही. काकूंनी तिचा खांदा धरला, आणि मग त्यांना दिसलं. चंचलच्या केसांची वेणी घातली होती. पाच पेडांची. इतकी घट्ट, की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. केस तेलानं थबथबलेले. वास मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा. जंगलाकडच्या जुन्या बाया लावायच्या तो. आता ते तेल कोणी केसांना लावत नाही.

"आजी कुठं आहे?"

"आत गेली."

विक्की मागच्या दाराकडे गेला. दाराला आतून कडी होती. कडी गंजलेली. कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं...

"कुठं आत, बेटा?" काकांनी विचारलं.

चंचलनं बोट केलं.

त्या भिंतीकडे.

काकांनी तिला उचललं आणि ते बाहेर पडले. गाडीत बसल्यावर चंचल आपणहून म्हणाली, "आजी चांगली आहे. तिनं माहं नाव विचारलं. आईचं विचारलं. तुमचं विचारलं. आपन कुठं राहतो, ते बी विचारलं."

"आणि तू...?"

"मी सगळं सांगितलं."

शेकोटीतलं लाकूड तडकलं आणि टिंकू माझ्या अंगावर येऊन पडला. एरवी मी त्याला ढकललं असतं.

"मालकाची आई मेलेली होती का?" त्यानं विचारलं.

"नाही ना. विक्कीनं गाडीतूनच रायपूरले फोन लावला. मालकाची आई त्याच्या बाजूलेच बसली होती. स्वतः बोलली, बाबू, मी तर त्या घरी पाय बी नाही ठेवला. त्या घरात कोनी मेलं नाही. आधी तिथं बांधी होती. धानाचं शेत. बस."

"मग ती कोन होती?"

"तेच तर." मोठेबाबांनी हात शेकले. "पाच जन होते त्या घरात. तिनं या तिघायचे नाव विचारून घेतले. तिचं कोनं विचारलं नाही."

त्या रात्री घरी आल्यावर काकूंनी चंचलचे केस चार वेळा धुतले. वास गेला नाही. मग त्यांनी कात्री घेतली. चंचल रडली नाही. काकू रडत होत्या.

चंचलचे केस मुलासारखे बारीक का कापलेले असतात, हे मला त्या रात्री कळलं. मला वाटायचं, उवा झाल्या असतील.

"अजून संपलं नाही," मोठेबाबा म्हणाले. "घर तर पायजेच होतं. महिन्याभरानं तो परत दुधरामकडं गेला."

या वेळी भर दुपार होती. रविवार होता, रस्त्यावर माणसं होती. घर चांगलं होतं. जिनाही रुंद होता. दुधराम दारात चावी घेऊन उभा राहिला.

"घेनारा कोन? नाव बोला."

"इंद्रकुमार." या वेळी काकांनी मोठ्यानं सांगितलं.

"आनखी कोन?"

"शामकला."

"आनखी?"

"चंचल."

"आनखी?"

"बस, दुधरामजी. आमी तिघंच."

दुधरामनं मान पुढे काढली. डोळे बारीक केले. चंचलच्या डोक्याच्या वर, तिच्या मागं, पाहत राहिला.

"मले कमी दिसते," तो म्हणाला, "पन एवढं बी कमी नाही दिसत. पोरीच्या मागं बाई उभी आहे ना..."

काकू वळल्या नाहीत. काकाही वळले नाहीत.

"बाई, तुमी बोला."

...

"बाई?"

...

दुधरामनं चावी खिशात टाकली. "नाव नाही सांगत, त्याले मी घरात नेत नाही," म्हणाला, आणि लुनाला किक मारून निघून गेला. त्यानंतर त्यानं काकांचा फोन कधी उचलला नाही.

"म्हनून अजून भाड्यानं आहेत," मोठेबाबा म्हणाले. "नवीन घरात जाऊन का करतीन? दार उघडलं, का तीन जनाच्या जागी..." ते उठले आणि शेकोटीवर पाणी टाकलं.

बाबांनी दोन्ही कार्डं उचलली. मग विक्कीचं कार्ड निखाऱ्यांवर टाकलं. निखारे ओले होते, त्यामुळे ते जळलं नाही, नुसतं काळं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला दूध आणायला पाठवलं. दुधाचं दुकान मागच्या गल्लीत आहे. मी रोजच तिथून जाते, आणि रोजच चंचल पायरीवर बसलेली असते. मी कोणाशी फारशी बोलत नाही, पण ती मला पाहिलं की हात हलवते आणि ओरडते, "खुशबूताई, टाटा!" मग मीही हात हलवते. एवढीच आमची ओळख.

त्या दिवशी तिनं हात हलवला नाही. ती मान खाली घालून बाहुलीशी खेळत होती. काकू पहाटेच गेल्या असणार. काकांची मोटारसायकलही दिसत नव्हती. शेजारच्या बाईंचं दार बंद होतं.

मी जवळ गेले. चंचलचे केस नेहमीसारखे बारीक होते. बाहुलीचे लांब होते. प्लॅस्टिकचे, पिवळे. त्यांची वेणी घातलेली होती. मी पेड मोजले. मग खाली वाकले, आणि मला तो वास आला.

"कोणी घातली गं?" मी विचारलं.

चंचलनं आधी मागं पाहिलं. घराचं दार उघडं होतं, आत अंधार होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तुझं नाव काय?"