विझवणाऱ्याची घंटा

"माझ्या नवऱ्यानं माझ्या वडिलांना मारलेलं नाही," ती दारातूनच म्हणाली. "तुम्ही हे ठाणेदारांना पटवून द्या."

तपासकाम करणाऱ्या बाईंनी आधी तिला खुर्ची दिली. पोरीचे दिवस भरत आले होते. खिडकीशी बाईंचे धाकटे दीर बसले होते. ते पूर्वी गुरांचे डॉक्टर होते. थोरला भाऊ गेल्यावर ते वहिनीच्या सोबतीला आले आणि तपासातही सोबत करू लागले. उत्तर नेहमी त्यांनाच शेवटी कळे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. भाऊजींनी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं कप दोन्ही हातांत धरला.

"दुसरा सूर्य उगवला त्या पहाटेपासून माहेरी चूल पेटलेली नाही," ती म्हणाली. "नेमच आहे तसा."

तिचे वडील टेकडीवरच्या देवळातले घंटेवाले. त्या टेकडीवर विझवणारा कुशीवर झोपला होता, दगडाचा, टेकडीएवढा. त्याच्या नाकातून उबदार वारा येई. देव न मानणारेही पावसाळ्यात तिथे कपडे वाळत घालत. आकाशात दुसरा सूर्य उगवला की घंटा वाजवायची. मग देव जागा होईल, दोन्ही सूर्य फुंकून विझवील आणि जग संपेल. पण अंधार पडण्याआधी प्रत्येकाच्या दारात त्याचं गेलेलं माणूस एकदा येऊन उभं राहील. भक्तांची सगळी आशा त्या एका भेटीवर होती.

यंदा, कित्येक पिढ्यांनी, दुसरा सूर्य उगवला. गर्दीसमोर घंटेवाल्यानं दोर ओढला. घंटा हलली, पण आवाज आला नाही. लोक रडत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेवाला घंटेखाली मरून पडलेला सापडला.

"तुझा नवरा शाळामास्तर ना? दोर कापीन असं भर चौकात म्हणाला होता तो?"

"बोलला रागानं. पण त्याला दोर कापायची गरजच नव्हती."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चपला घातल्या.

घंटेच्या खोलीत जायला बाहेरून जिना होता. दोर जमिनीतल्या भोकातून खालच्या खोलीत उतरत होता. तो कुठेही कापलेला नव्हता. घंटेच्या आतल्या लोलकाभोवती लहान मुलाची रजई गुंडाळून शिवून टाकली होती. एका बाजूची शिवण उसवलेली होती, आणि खाली घंटेवाल्याचाच चाकू पडला होता.

बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. टाके बारीक, दोरा मेण लावलेला.

भाऊजी देह पाहून आले होते. "डोक्यात मागून एकच घाव आहे, वहिनी. पण रुंद. काठीचा नाही. आणि बोटं म्हणाल तर संधिवातानं पार वाकडी झालेली." ते लोलकाकडे बघत म्हणाले, "सरळ आहे. मास्तरनं घंटा मुकी केली, सासऱ्यानं पकडलं, मास्तरनं मारलं."

"कशानं मारलं?"

भाऊजींनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत दुसरं काहीच नव्हतं. बाईंनी घंटेच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे रक्त वाळलं होतं.

पुजारी खाली देवाच्या पायाशी बसलेला होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"लोक गेल्यावर तो म्हणाला, वर जाऊन बघतो. मी इथे तोंड लपवून बसलो. थोड्या वेळानं धप्प असा एकच आवाज आला. मला वाटलं, देवानं कूस बदलली."

"देवळात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. म्हणजे घंटेवाल्याची बायको होती, पलीकडच्या कठड्याला डोकं टेकून. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. मुलाची वाट बघत होती हो बिचारी. पाच वर्षांचा असताना तापानं गेला. तिच्या मांडीवरच."

ठाण्यातल्या कोठडीत मास्तर भिंतीला टेकून उभा होता. "कापणारच होतो मी दोर," तो म्हणाला. "बायकोनं अडवलं. म्हणाली, जाऊ नकोस, काही होणार नाही. तिच्या शब्दावर घरी बसलो."

घंटेवाल्याच्या घरी सासरहून आलेली मुलगी येणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवत होती. गाद्या-रजया शिवणं हाच तिचा धंदा. आई कोपऱ्यात बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या.

"हाताला काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"घंटा वाजायची होती त्याच दिवशी भाजलं. गरम पातेलं उचललं."

"त्या संध्याकाळी तुम्ही घरीच होता?" बाईंनी विचारलं.

उत्तर मुलीनं दिलं. "मी आले तेव्हा आई दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभी होती. हसत होती. किती वर्षांनी हसताना पाहिलं तिला. मला वाटलं, धक्क्यानं असं झालं असेल."

बाईंनी भाऊजींना ठाणेदारांना आणि पुजाऱ्याला बोलावून आणायला पाठवलं.

सगळे जमल्यावर त्या हळू आवाजात बोलू लागल्या. "घंटा मुकी करणारा आणि घंटेवाल्याचा जीव घेणारा एकच माणूस आहे असं सगळ्यांनी धरलं. तिथेच चुकलं. ते टाके सराईत हाताचे आहेत. घंटेवाल्याच्या वाकड्या बोटांना ते जमले नसते, मास्तरला तर मुळीच नाही. पोरी, नवऱ्याला दोर कापायची गरजच नव्हती, असं तू म्हणालीस. काही होणार नाही, हे तू त्याला आधीच सांगितलंस. ती रजई तुझ्या भावाची ना?"

मुलीच्या हातातलं दुपटं खाली पडलं.

"घरात तेवढीच मऊ होती," ती म्हणाली. "माझं बाळ एकदा तरी जगात यावं, एवढंच मनात होतं. पण हे कबूल केलं असतं तर लोकांनी बाबांच्या मरणाचं खापर माझ्यावर फोडलं असतं. आणि आई मला कधी..."

"मग खून कुणी केला?" ठाणेदारांनी विचारलं.

"खून झालेलाच नाही. घंटा का वाजली नाही हे बघायला घंटेवाला वर गेला. तोही आपल्या मुलाची वाट बघत होता. रजई दिसल्यावर तो घंटेखाली वाकून शिवण उसवू लागला. तेवढ्यात खालून कुणीतरी जीव खाऊन दोर ओढला. घंटेचा काठ त्याच्या डोक्यात बसला आणि अर्धवट गुंडाळलेला लोलक घंटेवर आपटला. पुजारीबुवांनी ऐकला तो आवाज हाच."

"कुणी ओढला?" भाऊजींनी विचारलं. विचारता विचारताच त्यांची नजर त्या पट्ट्यांकडे गेली. चहाचा कप घट्ट धरून बसलेली मुलगी त्यांना आठवली. विझलेल्या चुलीवर पातेलं कुठून गरम होणार? ते खाली बसले. या वेळी तरी आपल्याला उत्तर कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बाई उठून आईच्या शेजारी जाऊन बसल्या. "घंटा वाजलीच नाही म्हणून सगळं गाव रडत होतं. हसत होत्या त्या फक्त तुम्ही. कारण तुम्ही ती वाजलेली ऐकली होती. ते वर आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं."

आईनं मान हलवली.

"दोराच्या खोलीत कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, हे पुजाऱ्यांबरोबर गेले. म्हटलं, एकदा आपण ओढून बघावं. आवाज झाला. बारीकच, पण झाला. मी धावत घरी आले. दार उघडलं. पोराला दार बंद दिसायला नको म्हणून." ती थांबली. "रात्रभर उभी होते. यांनी यायला उशीर का केला, हे एकदासुद्धा मनात आलं नाही माझ्या. सकाळी कळलं तेव्हा तो दोर आठवला. पण तसं नसेलच, असं मनाला बजावत राहिले. जावयाला नेलं, तरी तोंड उघडलं नाही."

पुजारी पुढे आला.

"दुसरा सूर्य आज कायमचा मावळेल. पण अजून वर आहे. लोलक आता सोडवता येईल. घंटेवाल्याच्या मागे दोरावर हक्क तुमचा. तुम्ही ओढलात तर पोरगा येईल. तुमचे यजमानही येतील."

मुलीनं पोटावर हात ठेवला.

आईनं बाईंकडे पाहिलं. "तुमचं कोण गेलंय?"

"नवरा."

"मग तुम्ही ओढाल?"

बाईंनी भाऊजींकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी वेगळं उत्तर देते."

आई भिंतीचा आधार घेत उठली.

"पोरगा आला तर त्याला जवळ घेईन," ती म्हणाली. "पण त्याच्या मागे हे उभे असतील. डोक्यातून रक्त येत असेल. त्यांना मी काय सांगू?"

पुजाऱ्यानं मान खाली घातली. ठाणेदारांनी खिशातून कोठडीची किल्ली काढली.

आईनं पदर सारखा केला, मुलीचा हात धरला आणि ठाण्याचा रस्ता धरला. मास्तर सासूशी लग्नापासून धड बोललेला नव्हता, तीही त्याच्याशी नाही. कोठडीचं दार उघडलं तेव्हा तो गोंधळून दोघींकडे बघत राहिला.

"मला माहीत होतं, तरी तुला इथे बसू दिलं," ती म्हणाली. "ते नंतर बोलू. आधी घरी चल. यांना न्यायचंय, खांदा द्यायला घरात दुसरं कुणी नाही."