सहावा ठिपका

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी शहरातल्या छावणी भागात गेले, ती एक अस्वल आणायला.

अस्वल मीच घडवलं होतं. मी दातांच्या लॅबमध्ये नोकरी करते. लोकांच्या दाढांच्या कॅप संगणकाच्या पडद्यावर खास पेननं बनवते. सुट्टीच्या दिवशी त्याच पेननं मी लहानपणीची कार्टून घडवायची. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक गोल येतो. तो पेननं दाबायचा, ओढायचा, खरवडायचा. नाक काढायचं, गाल भरायचे. माहेरी, पिशोरला शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढं फरशीवर बसून आम्ही जी मंडळी बघायचो, ती एकेक करून माझ्या हाताखालून गेली. चष्मेवाला बेडूक, एका दाताची राक्षसीण, उलटा चालणारा उंट. हे अस्वल सातवं. वीज चमकली की छत्रीत लपायचं ते. इंटरनेटवर चित्र टाकलं की अनोळखी माणसं लिहायची, "अहो, हे तर आमच्या लहानपणीचं!" कुणी फारच मागं लागलं तर मी अल्तमश नावाच्या मित्राकडून थ्रीडी प्रिंटरवर मूर्ती छापून घ्यायची आणि पाठवून द्यायची. त्या वेळेपर्यंत सहा मूर्ती गेल्या होत्या. लातूर, नाशिक, कुठं कुठं. बहुतेक मुलांच्या वाढदिवसाला.

हे वेड लागलं आदल्या ऑगस्टनंतर. ऑगस्टमध्ये, सातवा महिना चालू असताना, माझं बाळ पोटातच गेलं. मी पुरती शुद्धीवर आले तोवर सासूबाई आणि माझा नवरा राजकुमार कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन गंगापूरला निघून गेले होते. शेतात कडुलिंबाखाली पुरलं, एवढंच मला कळलं. मुलगा होता की मुलगी, मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. "बघितलं नाय तेच बरं," सासूबाई म्हणाल्या. मग घरात पडून राहायचे ते दिवस. हाताला काहीतरी गोल हवं होतं. म्हणून तो पहिला बेडूक.

अल्तमश माझ्या वर्गातला. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत प्रिंटर आहेत. मूर्तीचं रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, उजेडानं घट्ट होतं, म्हणून भर दुपारीसुद्धा खिडक्यांवर काळं कापड आणि आत एकच पिवळा बल्ब. रेझिनचा कडवट वास, त्यावर स्पिरिटचा. मूर्ती थराथरानं बनते. एकेक थर सुटताना प्रिंटरमधून 'चट्' असा बारीक आवाज येतो. झोपेत कुणी ओठ उघडावेत तसा.

मी गेले तेव्हा अल्तमश अस्वल हातात धरून नुसता उभा होता.

"मेघा, याचं वजन जास्त भरतंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पोकळ छापलंय मी. नेहमीसारखं. नव्वद ग्रॅम व्हायला पाहिजे. हे दोनशेच्या वर आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू आत काय ठेवलंयस?"

मी हसले. आत काय ठेवणार? मी बाहेरून घडवते. आत बघायचं कारणच येत नाही.

त्यानं मला संगणकासमोर बसवलं. छापण्याआधी मूर्तीचे आडवे काप पाडले जातात, केसापेक्षा पातळ. बाजूला एक पट्टी असते. ती सरकवली की एकेक काप दिसतो. मूर्तीचा भाग पांढरा, बाकी सगळं काळं. अल्तमश वरून खाली यायला लागला. छत्रीचं टोक, एक ठिपका. मग अस्वलाचे कान, दोन चकत्या. मग डोकं, म्हणजे एक पांढरी कडी आणि आत काळोख. गळा, खांदे. कडी मोठी होत गेली. पोट आलं.

पोटाच्या कडीच्या आत अजून एक कडी होती.

लहान. वाटोळी. लिंबाएवढी. तो खाली सरकत गेला तशी ती वाढली, मग निमुळती झाली. तिच्या बाजूला दोन लांबट ठिपके उगवले, जवळ आले. मग त्यांतला एक फुटला आणि त्याचे बारीक बारीक ठिपके झाले. एका ओळीत. ज्वारीच्या दाण्यांएवढे.

"थांब," मी म्हणाले.

अल्तमशचा हात थांबला. कूलर नुसता घरघरत होता.

"ही बोटं आहेत... व्हय ना?" त्यानं विचारलं.

मी मोजली. सहा होती. कडेचा सहावा ठिपका इतरांपेक्षा बारीक होता, जरा सुटा.

अल्तमश शहाणा माणूस आहे. त्यानं फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली. तेच. दुसऱ्याच गिऱ्हाइकाची एक मूर्ती उघडून बघितली. तिच्यात काही नव्हतं, साफ पोकळी. मी माझ्या लॅपटॉपवर अस्वल उघडून त्याच्या कातडीतून नजर आत नेली. आत रिकामं. फक्त काप पाडले की ते दिसायचं.

"जुन्या फाइली काढ," मी म्हणाले.

त्यानं पहिला बेडूक उघडला. बेडकाच्या पोटात, अगदी मधोमध, तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. दुसऱ्या मूर्तीत शेंगेएवढा. तिसऱ्या मूर्तीत डोकं ओळखू येत होतं. चौथी, पाचवी, सहावी... अल्तमश एकेक उघडत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. महिन्याला एक मूर्ती केली होती मी. आणि महिन्यामहिन्यानं ते वाढलं होतं.

"ये सब मिटा देते हैं," तो हळूच म्हणाला. "अम्मीला यातलं काही बोलू नको. तिचं बीपी वाढतं."

मी नाही म्हणाले. अस्वल ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षात बसले. मांडीवर ते जड लागत होतं. आणि कोमट. बाहेर ऊन होतं. त्यानंच असेल, असं मी मनाला समजावत राहिले.

घरी राजकुमार जेवून नुकताच लवंडला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला. त्या मशीनमध्ये बिघाड असंल म्हणाला, तुझं डोकं थाऱ्यावर नाय म्हणाला. मी फोनमधला फोटो पुढं केला, बोटांच्या कापाचा. त्यानं तो दोन बोटांनी मोठा केला.

"किती हायेत?" त्यानं विचारलं.

"सहा."

"कोणत्या हाताला?"

"डाव्या. का?"

तो उठून बसला. मग भिंतीकडं बघत म्हणाला, "तिच्या डाव्या हाताला सहा बोटं होती, मेघा. मी बघितलं होतं. आई म्हणली, सांगू नको तिला, जन्मभर आठवत बसंल."

"तिच्या?" मी म्हणाले.

सात महिन्यांनी मला असं कळलं की मला मुलगी झाली होती.

राजकुमारनं अस्वल फोडायला वरवंटा आणला. मी मध्ये पडले. त्याचा हात धरला, ओरडले, आणि अस्वल छातीशी घेऊन कोपऱ्यात बसले. तो समोर जमिनीवर बसला आणि रडायला लागला. ऑगस्टमध्ये तो रडला नव्हता.

तुम्ही म्हणाल, इथंच थांबायचं ना. मी पण तेच म्हटलं असतं, दुसऱ्या कुणाला. पण मला ती बघायची होती. सगळ्यांनी बघितली होती, माझ्याशिवाय. कापाकापांतून चेहरा दिसत नाही. डोळ्यांच्या जागी दोन खळगे, नाकाच्या जागी एक कण. तरी मी लॅबमधून आले की लॅपटॉप उघडून ती पट्टी वर-खाली करत बसायची. राजकुमार दारात उभा राहायचा आणि निघून जायचा.

एप्रिलमध्ये मी आठवी मूर्ती केली. शिट्टी वाजवणारा हत्ती. छापली नाही, नुसते काप बघितले. तेव्हा डोकं वरच्या कापांत नव्हतंच; ते हत्तीच्या तळाकडं सापडलं. ती फिरली होती. आठव्यात बाळ डोकं खाली घेतं, मला माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्या रात्री मी राजकुमारला म्हणाले, "आता एकच." त्यानं मला अडवलं नाही. नुसतं म्हणाला, "पुढच्या टायमाला मी बी येतो."

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं छावणीत गेलो. नववी मूर्ती होती रुसलेला चंद्र, गाल फुगवून बसलेला. नुसता गोल. त्याच्यासाठी मला फार काही करावंच लागलं नाही.

अल्तमशच्या अम्मी, अख्तरीखाला, स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसल्या होत्या. त्यांना सलाम करून आम्ही मागच्या खोलीत शिरलो. अल्तमशनं प्रिंटर सगळे बंद ठेवले होते. बाहेर रस्त्यावरही सामसूम. उन्हानं सगळं गाव घरात कोंडलेलं. त्या पिवळ्या उजेडात आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. राजकुमारचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

चंद्राचा माथा. एक चकती. मग कडी. कडी मोठी होत गेली.

आत काहीच नव्हतं.

अल्तमश सावकाश उतरत राहिला. डोळे, गाल, हनुवटी. नुसती कडी आणि आत काळोख. मी म्हणाले, "पुन्हा वरून घे." त्यानं घेतलं. काही नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? तिला दुसऱ्यांदा माझ्याकडून नेलं, असंच मला वाटलं.

"मेघा..." अल्तमश तळाच्या कापापाशी अडला होता. तिथं कडी पुरी नव्हती. एका बाजूला तुटली होती, चांगली चार बोटं रुंद. कडा बाहेरच्या अंगाला वळलेल्या. "हे भोक तू पाडलंस?"

"नाही."

"मग मी पण नाही."

राजकुमार एकदम सरळ झाला आणि त्यानं वळून खोलीच्या कोपऱ्यांकडं बघितलं. बंद प्रिंटर, रेझिनच्या बाटल्या, खिडकीवरचं काळं कापड. मग दाराचा पडदा बाजूला झाला आणि अख्तरीखाला आत डोकावल्या. हाताला पीठ होतं, कपाळावर आठी.

"क्या रे तुम लोगां," त्या चिडून म्हणाल्या. "मेघा, बेटा, बच्ची को उठा ले ना. कब से रो री, रो रो के गला बैठ गया उसका."

आम्ही तिघांनी कान दिला. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात मला छातीवर काहीतरी गरम लागलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन माझं दूध बंद केलं होतं. मी खाली बघितलं. कुर्त्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते.