डावा हात खाली येतो

"पंधरा मिनिटं! सोळाव्या मिनिटाला उठून गेले नाहीत, तर नाव बदलीन!" मधुवंती म्हणाली आणि सुनीतीकाकूंच्या सुपातले चार मटार तोंडात टाकले.

"नाव राहू दे. हरलीस तर सोमवारी सकाळी रामघाटावर मलइयोचा दुधाळ फेस वाढायचा," बाळूकाका म्हणाले. "अख्ख्या गल्लीला. हातात तुझे ते बॉक्सिंगचे ग्लोव्हज घालून."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी भटजी माणूस, ग्लोव्हज घालून यजमानाकडून संकल्प सोडवीन."

"सोडवतील गं," काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "ह्यांना लाज असती, तर मी सुखात असते."

लागली पैज! कशावर? तर वेदपाठशाळेतले ढुंढिराज घनपाठी, वेदाचे शब्द पुढे-मागे फिरवून 'घन' म्हणणारे, वय वर्षं अठ्ठावीस, चेहऱ्यावर कायम परीक्षेचा दिवस असल्यासारखा भाव… ते काकांच्या गच्चीवर बॉक्सिंगचा जुना सिनेमा शेवटपर्यंत बघतील, की अर्ध्यात उठतील.

मधुवंती मूळची अकोल्याची. खेळाच्या कोट्यातून काशीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला, आणि काकांच्या वरच्या खोलीत भाडेकरू. रोज सकाळी सहाला ती गच्चीवर येऊन हवेला ठोसे मारायची. गल्ली इतकी अरुंद, की समोरची पाठशाळेची खिडकी हाताच्या अंतरावर. आत ढुंढिराजांचं पठण चाललेलं. ती आली रे आली, की पठण थांबायचं आणि खिडकी… खाट्! बंद. अकरा महिने हेच.

एकदा जिन्यात गाठून तिनं विचारलंही होतं, "गुरुजी, मारामारी बघवत नाही वाटतं?"

"तसं नाही… म्हणजे…" एवढं म्हणताना त्यांचे दोन्ही कान लालबुंद झाले, आणि स्वारी दोन-दोन पायऱ्या सोडत पसार.

त्या लाल कानांनीच तर सगळा घोटाळा केला होता. बाईसाहेब तेव्हापासून खिडकी बंद झाली की चिडायच्या, आणि एखाद्या दिवशी ती मुळात उघडलीच नसली, की जास्त चिडायच्या.

आता तिला रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं. आणि हा सिनेमा काही असातसा नव्हता. तेराव्या वर्षी तो पाहिला आणि तिनं पहिल्यांदा मूठ वळली. त्यालाच जर हा माणूस 'मारामारी' म्हणून उठून गेला, तर मग खिडकीसमोर राहण्यात अर्थ काय? पैज तिनं 'उठतील' यावर लावली खरी… पण मनात एकच घोकत होती. हरू दे मला. देवा, हरू दे.

रविवारी संध्याकाळची आरती आटोपली, आणि काकांनी मंडपवाल्याकडून आणलेला प्रोजेक्टर लावला. माकडांसाठी गच्चीला जाळी होती, तिलाच चादर बांधली. ढुंढिराज आले ते काखेत स्वतःचं आसन घेऊन. ऐन मध्यावर मांडी ठोकून बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "परीक्षार्थी कुठे आहेत?"

"येतायत," काका चादरीकडे बोट दाखवत म्हणाले. "चड्डी घालतायत."

मधुवंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका! परीक्षक म्हणून बोलावलंत ह्यांना?"

"मग? वेदाची परीक्षा आहे असं कुठे म्हटलं मी?"

"आणि परीक्षा संपेपर्यंत परीक्षकानं आसन सोडायचं नाही, असा त्यांचा नियम! ही बेईमानी आहे."

"ही काशी आहे," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

सिनेमा काळा-पांढरा, परदेशी, भाषा कुणाला कळेना. नायक ट्राम धुणारा एक उतारवयाचा बॉक्सर. चेहरा ठोकून ठोकून सपाट झालेला. पहिला ठोसा बसला तसे ढुंढिराज दचकले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मधुवंती मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती त्यांच्याकडे. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. आसन हललं नाही… पण ते नियमापायी, की मनापासून?

शेवटची लढत आली. तिथे संगीत नाही, संवाद नाही. नुसते श्वास, बुटांची घासघास आणि घंटा. तो पडायचा, उठायचा. पुन्हा पडायचा. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली म्हणायची. ढुंढिराजांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला, पठण मोजताना सरकतो तसा. ओठ हलले.

"एक-दोन, दोन-एक… एक-दोन-तीन, तीन-दोन-एक… एक-दोन-तीन." त्यांचे डोळे विस्फारले. "काका! हा पायांनी घन म्हणतोय हो!"

मधुवंतीनं झटकन पडद्याकडे बघितलं. दोन पावलं पुढे, दोन मागे, मग तीन… वीसेक वेळा पाहिला होता तिनं हा सिनेमा. हे कधी दिसलंच नव्हतं!

नायक हरला. स्टुलावर बसून हाताची पट्टी सोडवत राहिला, सावकाश, सगळी. मग चादर पांढरी झाली. खालून कुठूनतरी वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता.

"परीक्षक, निकाल सांगा," काका हळूच म्हणाले.

ढुंढिराजांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मी कोण निकाल देणार? हात जोडावेत असा माणूस आहे. सात वेळा पडला. सहा वेळा उजव्या गुडघ्यावर जोर देऊन उठला. सातव्यांदा डाव्या. उजवा गुडघा संपला होता त्याचा, पण कुणाला कळू दिलं नाही."

बारा वर्षं रिंगमध्ये काढून मधुवंतीला जे दिसलं नाही, ते ह्या माणसानं एका बैठकीत…

"चूक एकच," ते पुढे म्हणाले. "उजवा मारायच्या आधी डावा हात खाली आणतो. तुमच्यासारखाच."

काकूंच्या भुवया वर गेल्या, काकांच्या मिश्या हलायला लागल्या.

"माझ्यासारखा?" मधुवंती म्हणाली. "तुम्ही तर खिडकी लावून घेता!"

कान पेटले. "लावतो, कारण… तुम्ही आलात की माझं चुकतं. आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. अकरा महिने मी पहिल्या ऋचेच्या पुढे गेलोच नसतो."

"मग डावा हात कसा दिसला?"

ते आसनाचा सुटलेला दोरा ओढू लागले. "खिडकीला… फट आहे."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या आणि रिकामं सूप तोंडासमोर धरून हसत सुटल्या.

"मधू, बेईमानी झाली खरी," काका उठत म्हणाले. "म्हणत असशील तर पैज रद्द."

"मुळीच नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की जाळीवरचं माकड पळालं. "मी हरले. चांगलीच हरले."

सोमवारी सकाळी धुकं इतकं दाट, की गंगा नुसती ऐकू येत होती. रामघाटाच्या पायरीवर मलइयोची परात, मातीच्या कुल्हडांची रांग, आणि मागे लाल ग्लोव्हज घातलेली मधुवंती. कुल्हड दोन मुठींत धरायचं, काकूंनी त्यात फेस भरायचा, मग ते पुढे करायचं. अर्धा फेस कुल्हडात, अर्धा ग्लोव्हजवर.

"अरे दीदी, नॉकआउट मत कर देना!" नावाडी ओरडले.

"कारखान्यात कळवलंस का गं, क्वार्टरचं?" काकांनी सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं विचारलं.

"कळवलं. पहाटेच मेसेज टाकला, नको म्हणून." ती रांगेच्या शेवटी बघत म्हणाली, "तिकडे माझ्या डाव्या हाताकडे कोण लक्ष देणार?"

शेवटी ढुंढिराज उभे होते. आज काखेत आसन नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तिनं कुल्हड पुढे केलं. ते ग्लोव्हजमधून सुटेना. मग त्यांनी आपले दोन्ही हात त्या दोन ग्लोव्हजवर ठेवले, आणि तसंच, तिच्या मुठींसकट, कुल्हड तोंडाला लावलं. नाकावर केशरी फेस आला. घाटावर एकच हशा.

"परीक्षक!" काका गरजले. "वाढणं कसं झालं?"

हात न काढता, कान लाल असतानाच, ढुंढिराज तिच्याकडे बघून म्हणाले,

"चुकलं… पुन्हा पहिल्यापासून."