बाबांची उत्तरं

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, म्हणतात. अश्विनचा आधीचा लॅपटॉप अकोल्याच्या बसस्टँडवर चोरीला गेला, तेव्हापासून त्याचं तसंच झालं होतं. अमरावतीच्या घरी त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून ठेवला. अकोल्यात आपल्या खोलीवर लॅपटॉप उघडला, की दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या व्हायच्या. दोन यंत्रांनी एकमेकांची किल्ली ओळखायची, तिसऱ्या कुणाला मधे डोकावता येऊ नये, असा पक्का बंदोबस्त होता.

एवढा खटाटोप बापासाठी. खुशालराव दिवाळीत गेले. भातकुलीच्या मळ्यात शेवंती-झेंडू पिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आजारपणात अश्विननं खाटेशी बसून त्यांना बोलतं केलं आणि सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. त्यांचा आवाज आता तेवढ्याच फाइलींत उरला होता. त्या गेल्या तर आपण बापाला दुसऱ्यांदा जाळलं, असं त्याला वाटायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्यानं एक फाइल लावली.

"बाबा, मळ्याच्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड कोणी लावलं होतं?" हा त्याचाच प्रश्न. पुढे नुसता पंख्याचा आवाज. मग त्याचंच "हं, मंग?" आणि परत पंखा.

त्यानं दुसरी लावली. तीही तशीच, प्रश्न जिथल्या तिथे आणि उत्तरांच्या जागी पंखा. फाइल तेवढीच लांब, तारीख जुनीच. काल रात्रीच तर बाबा यात भरभरून बोलत होते! आपल्यालाच भ्रम झालाय की काय, त्याला कळेना. सर्व्हरनंच घोटाळा केला असणार असं धरून त्यानं घरी फोन लावला.

"आई, सर्व्हरले कोणी हात लावला का?"

"त्या डबड्याले? त्याचा प्लग तं मी कव्हाचाच काढला," वच्छलाबाई म्हणाल्या. "कूलर कुठं लावू मंग? गर्मीनं जीव चाल्ला माहा."

अश्विननं स्क्रीनकडे पाहिलं. सर्व्हर जोडलेला आहे, असं दाखवणारा हिरवा ठिपका तिथं होता. किल्ली तीच, नाव तेच. त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक फाइल पलीकडे पोचली. पलीकडे म्हणजे कुठं, हे त्याला उमगेना.

"आई, नीट पाय ना. खरंच बंद हाये का ते?"

"बंदच हाये. अन् तू हळू बोल जरा. तुये बाबा निंबाच्या झाडाचं सांगून राहिले."

फोनमधून त्याला फक्त कूलरची घरघर ऐकू आली.

त्यानं घाईघाईनं शेवटची फाइल उघडली. बाबा होते. "फुलाले पानी सकायीच द्यावं लागते, बाबू..." तो खोल, खरखरीत आवाज ऐकून त्याला रडूच फुटलं. फाइलीशेजारी, ती पलीकडे जात असल्याचा बाण फिरायला लागला होता.

त्यानं वायफाय बंद केलं.

बाण थांबला. बाबा लॅपटॉपमधून बोलत राहिले. वाचलं एवढं तरी, असं म्हणत त्यानं डोळे पुसले.

"अश्विन," फोनवर आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मधातच थांबले रे ते."

"थांबले?"

"हो. आता नुसते माह्याकडं पाहून राहिले."