डाव्या पायाला कामच नाही!

"घट्ट धरा रे!" मामा ओरडला.

त्याचं ओरडून होतंय न होतंय तोच गाडीनं असा गचका खाल्ला, की मागच्या बाकावर डुलक्या काढणारा, सगळे ज्याला बोका म्हणत तो मुलगा थेट वल्ह्यांच्या ढिगावर जाऊन पडला. इंजिन नुसतं केकाटायला लागलं आणि गाडी मात्र गोगलगायीसारखी सरकू लागली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं.

"मामा, गिअरचा दिवा पुन्हा लुकलुकतोय!" चिमणी म्हणाली. ती सगळ्यांत लहान, दहा वर्षांची. तिला गाडी लागायची, म्हणून मामाशेजारची पुढची जागा तिची ठरलेली.

मामानं गाडी कडेला घेतली, बंद केली, वीस आकडे मोजले आणि पुन्हा चालू केली. दिवा गायब! गाडी शहाण्यासारखी चढ चढायला लागली.

"सोंगाडी म्हातारी!" बोका डोकं चोळत म्हणाला.

गाडी वीस वर्षांची, म्हणून तिचं नाव म्हातारी. होड्या वल्हवण्याच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी ती रोज बारा मुलांना डोंगरावरच्या तळ्यापर्यंत न्यायची. ती चालवणारा मामा ठमीचा सख्खा मामा. पण आता तो बाराही जणांचा मामा झाला होता.

शिबिराच्या फाटकात व्यवस्थापक साहेब मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत उभे होते.

"पंचवीस मिनिटं उशीर! या महिन्यातली चौथी वेळ!"

"साहेब, गाडी मध्येच एका गिअरमध्ये अडकते," मामा खाली उतरत म्हणाला. "मी तीनदा वर्कशॉपला लावली..."

"आणि वर्कशॉपनं तिन्ही वेळा काय लिहून दिलं?" साहेबांनी खिशातून कागद काढून सगळ्यांसमोर वाचला. "गाडीत दोष नाही. चालकाची चूक." मग त्यांची नजर मामाच्या डाव्या पायाकडे गेली. तो गुडघ्याखाली कृत्रिम होता. "स्पष्टच सांगतो. एका पायाच्या माणसाच्या हाती मुलांची गाडी द्यायलाच नको होती. पुढच्या सोमवारपासून दुसरा चालक येईल."

मामा गाडीकडे वळला. फडकं घेऊन समोरची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षांची ठमी एरवीही गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच.

"अहो साहेब, ही ऑटोमॅटिक गाडी आहे! हिला क्लच नसतो! ब्रेक उजव्या पायानं, अ‍ॅक्सिलरेटरही उजव्याच पायानं! डाव्या पायाला या गाडीत कामच नाही!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

"मोठ्यांनी खोटं बोलावं का मग?" ठमी त्यांच्या पाठीला म्हणाली. पाठीला कान नसतात.

शिबिरातून परतल्यावर ठमी, बोका आणि चिमणी सरळ वर्कशॉपमध्ये जाऊन धडकले. फोरमनकाका खुर्चीत रेलून चहा पीत होते.

"काका, म्हातारीचा दिवा लागला तेव्हा कोड कोणते आले होते?" ठमीनं विचारलं. गाडीत बिघाड झाला की गाडीचा संगणक त्याचा एक आकडा साठवून ठेवतो, हे तिला मामानंच सांगितलं होतं.

"आले होते की काहीतरी. पुसून टाकले."

"लिहून न ठेवता?"

"दिवा विझला की गाडी बरी! शिवाय मी स्वतः चालवून बघितली. इथून चौकापर्यंत. लोण्यासारखी!"

"चौकापर्यंत चढ कुठे आहे?" बोका म्हणाला.

"आणि गाडीत कोण कोण होतं?" चिमणीनं विचारलं.

"कोण असणार? मी एकटा! पळा आता, इथे खेळायची जागा नाही."

बाहेर आल्यावर ठमीनं रस्त्यातल्या दगडाला जोरात लाथ मारली. "म्हणजे डॉक्टरनं ताप मोजला, आकडा न बघताच थर्मामीटर झटकला आणि वर म्हणाला, पेशंट ढोंगी आहे!"

"माझ्या आत्याकडे चला," बोका म्हणाला.

बोक्याची आत्या बस आणि ट्रकच्या वायरिंगची कामं करायची. एका ट्रकखालून आधी तिचे बूट दिसले, मग ती. हकीगत ऐकता ऐकता तिचा चेहरा तिच्या हातांइतका काळा झाला.

"कोड पुसला? न वाचता?" ती म्हणाली. "अरे, कोड म्हणजे निकाल नव्हे. कोण ओरडलं एवढंच तो सांगतो. का ओरडलं, ते आपण शोधायचं. आणि बिघाड कधीमधी येणारा असेल, तर तो पाहुण्यासारखा असतो. बोलावून येत नाही. कधी येतो त्याची वाट बघून नोंद ठेवायची."

तिनं काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. स्टिअरिंगखाली ते लावायचं आणि दिवा लागला की त्यावरचा आकडा वाचायचा.

मामा मात्र तयार होईना. "जाऊ द्या रे पोरांनो. पाय गेल्यापासून असलं ऐकायची मला सवय झालीय."

"मला नाही झाली!" ठमी ताडकन म्हणाली. "आणि मला ती करूनही घ्यायची नाही!"

मामानं तिच्याकडे पाहिलं. मग यंत्र घेतलं आणि स्वतःच्या हातानं लावलं.

मंगळवारी बारा जण गाडीत होते. तळ्याकडे जाताना तिसऱ्या वळणावर गचका बसला! चिमणी पाढा म्हटल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "पी शून्य सात दोन तीन!" ठमीनं वहीत टिपलं. येताना काही नाही.

बुधवारी सगळे श्वास रोखून बसले. तिसरं वळण आलं आणि गेलं. काहीच नाही! बोका तर हिरमुसलाच. "आज चांगली चालली हो, मेली!"

"आज पाच जण सर्दीनं घरी आहेत," चिमणी म्हणाली. "गाडी हलकी आहे."

ठमीनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि वहीत 'सात जण' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

गुरुवारी बाराही जण शिंकत का होईना, पण आले. तिसरं वळण, गचका, आणि तोच कोड!

संध्याकाळी आत्यानं वही वाचली. "गिअरबॉक्समधून किती वेगानं चक्र फिरतंय, ते सांगणारा एक सेन्सर असतो. त्याचा निरोप मध्येच तुटतोय. वेग कळला नाही की संगणक घाबरतो आणि एकच गिअर धरून बसतो."

"मग सेन्सर बिघडलाय?" बोक्यानं विचारलं.

"सेन्सर बिघडला असता तर उतारावरही बोंबलला असता. तुमची वही काय सांगते? फक्त चढावर. फक्त भरलेल्या गाडीत. आणि तिसरं वळण?"

"उजवीकडचं! सगळ्यांत उभं!" ठमी म्हणाली.

"बरोबर! जोर लावला की इंजिन आणि गिअरबॉक्स एका अंगाला कलतात. त्या वेळी वायर कुठेतरी ताणली जात असणार. पण ती खालून बघायला गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला हवी, आणि खड्डा आहे फोरमनच्या वर्कशॉपमध्ये."

शुक्रवारी सकाळी गाडी निघण्याआधी आत्याला सोबत घेऊन तिघं वही आणि मामासह डोंगराखालच्या कचेरीत साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी फोरमनना बोलावून घेतलं होतं. वहीची दोन पानं उलटून फोरमन हसले.

"पोरांचा खेळ! साहेब, पाय धड असलेला माणूस बसवा, बघा गाडी कशी पळते!"

ठमीच्या ओठांवर सणसणीत उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचे दोन्ही पाय धड आहेत ना?"

"म्हणजे काय! आहेतच!"

"मग आज तुम्हीच चालवा. आम्ही बारा जण, साहेब आणि आत्या बसतो. तळ्यापर्यंत अडकली नाही, तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

"आत्ता चला!" फोरमन मिशीवर हात फिरवत उठले.

मामा कचेरीपाशीच थांबला. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण... फोरमन शीळ घालत होते.

"साहेब, तिसरं वळण आलं. घट्ट धरा," चिमणी मागे वळून म्हणाली.

"काही गरज ना..."

धाड! साहेबांचा चष्मा उडून बोक्याच्या मांडीवर पडला. इंजिन केकाटलं, दिवा लुकलुकायला लागला आणि म्हातारी गोगलगाय झाली. फोरमननी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मागून हॉर्न सुरू झाले.

"पी शून्य सात दोन तीन!" चिमणी ओरडली आणि गाडीत एकच कल्ला झाला.

"काका," ठमी म्हणाली, "आता कुठल्या पायाची चूक?"

गाडी परत फिरली ती वाटेत मामाला घेऊन थेट वर्कशॉपच्या खड्ड्यावर. आत्या बॅटरी घेऊन खाली उतरली. तिच्या मागोमाग ठमी. दोनच मिनिटांत आत्याची हाक आली, "साहेब, खाली या! तुम्हीही या, फोरमन!"

सेन्सरची वायर एका लोखंडी पट्टीच्या धारेवरून तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून गेली होती. पट्टीवर घासून तिचं वरचं रबर सोललं होतं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. वायर धरून ठेवायच्या क्लिपचं नुसतं भोक होतं. क्लिप नव्हतीच.

"ही वायर पट्टीच्या खालून जायला हवी," आत्या म्हणाली. "कुणीतरी गिअरबॉक्स उतरवला आणि परत बसवताना ती वरून घेतली. बोका, वर जाऊन बस आणि इंजिन चालू झालं की दिवा बघ!"

मामानं इंजिन चालू केलं. आत्यानं लाकडी दांड्यानं वायर जराशी दाबली.

"लागला! दिवा लागला!" वरून बोका किंचाळला.

"गिअरबॉक्स उतरवायचं काम शेवटचं कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

फोरमननी बुटांकडे पाहिलं. "मीच. चार महिन्यांपूर्वी," ते पुटपुटले.

"बरं, झालं गेलं विसरून जाऊ," साहेब हात झटकत म्हणाले. "वायर बदला, क्लिप लावा..."

"विसरून कसं जाऊ?" ठमी खड्ड्यातून वर चढत म्हणाली. ग्रीसनं तिचं नाक काळं झालं होतं. "तुम्ही सगळ्यांसमोर वाचलंत, चालकाची चूक! ते तीन कागद अजून फायलीत आहेत! माझ्या मामाच्या पायाबद्दल बोललात तेव्हा बाराही मुलं ऐकत होती! विसरायचं असेल तर मामा ठरवेल, तुम्ही नाही!"

वर्कशॉपमधले पाने-पक्कड एकदम थांबले. ठमीला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग ते मामासमोर जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं. गाडी न तपासता मी माणूस तपासला. सोमवारी गाडी तुम्हीच चालवाल, आणि हे मी मुलांसमोर पुन्हा सांगेन."

मामानं मान हलवली. "सांगा साहेब. मलाही ऐकायला आवडेल."

फोरमननी नवा कागद घेतला. 'गाडीत दोष होता. चालकाची चूक नाही,' असं लिहून ते थांबले. ठमी हलली नाही. फोरमननी उसासा टाकून पुढे लिहिलं, 'वर्कशॉपची चूक.' आणि खाली सही केली.

"ही वही मला देशील?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "कोड कसे लिहून ठेवायचे, ते माझ्या माणसांना दाखवायचंय."

"झेरॉक्स काढून घ्या," ठमी म्हणाली. "मूळ प्रत आम्ही कुणाला देत नाही."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "पोरांनो, माझ्या हाताखालच्या मोठमोठ्या माणसांना इतकी नीट नोंद जमत नाही! सुट्टीत कंटाळा आला तर या माझ्याकडे. दोन ट्रक आहेत, दोन्ही खोटारडे!"

सोमवारी बाराही जण हजर होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडीत कुणी बोलेना. बोक्यानं तर डोळेच मिटले. उजवीकडचा उभा चढ आला. इंजिननं घोगरा हुंकार दिला, गिअर मऊपणे बदलला, आणि म्हातारी ठमकत वर आली. समोर तळं चमकत होतं.

"श्वास सोडा रे आता," मामा आरशातून मागे बघत म्हणाला. "नाहीतर फुग्यासारखी उडायची माझी गाडी!"